जाकिटाच्या लेबलावरची नदी

दिवाळीला भाचा कॅलिफोर्नियाहून आला, तो माझ्यासाठी एक जाकीट घेऊन. राजगडावर जानेवारीत जी थंडी पडते तिच्या मानाने ते जरा जास्तच आहे, पण बहिणीच्या देखत नको कोण म्हणणार? रात्री घडी घालताना आतल्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी दिसली आणि तिच्याखाली आणखी एक बोटभर पट्टी. विक्रीचा एक टक्का पर्यावरणाला, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर होतं.

"एक टक्का म्हणजे नक्की कोणाला रे?"

"नद्या-बिद्या वाचवतात ते, मामा."

ताईने तेवढ्यात किमतीचं लेबल वाचून डॉलरचे रुपये केले होते. "एवढ्यात आपल्या गावची नदी साफ झाली असती," ती म्हणाली आणि फराळाची ताटं घेऊन आत गेली.

दोघंही अर्धं बरोबर बोलत होते. तंबू, सॅक, बूट, गळ, होड्या विकणाऱ्या कितीतरी अमेरिकी कंपन्या मालाच्या विक्रीतून नद्यांसाठी पैसे देतात. तिकडे एखादं धरण पाडल्याची किंवा युरोपात एखाद्या नदीचं राष्ट्रीय उद्यान झाल्याची बातमी आली की कोपऱ्यात कुठेतरी कपड्यांच्या एखाद्या ब्रँडचं नाव असतं. जाकिटाचा आणि नदीचा संबंध काय, त्यातून नदीला खरंच काही मिळतं का, की हा नुसता दुकानदारीचा भाग आहे, हे पायरीपायरीने बघू.

टक्का कशाचा?

"एक टक्का" वाचलं की आपली नजर आकड्यावर जाते. बघायचा असतो तो आकड्याच्या आधीचा शब्द. विक्रीचा टक्का, की नफ्याचा?

जाकीट दहा हजारांचं धरा. कापड, शिलाई, जहाजाचं भाडं, दुकानाचं भाडं, पगार, जाहिरात हे सगळं जाऊन कंपनीच्या हातात आठशे रुपये उरले असं समजू. आकडा समजण्यापुरता आहे, कोणा कंपनीचा नाही. आता विक्रीचा एक टक्का म्हणजे शंभर रुपये. नफ्याचा एक टक्का म्हणजे आठ रुपये. "नफ्याचे पाच टक्के" असं ठसठशीत छापलं तरी चाळीसच होतात, आणि गिऱ्हाइकाला मात्र एकापेक्षा पाच मोठे वाटतात. वर्ष वाईट गेलं, नफाच झाला नाही, तर नफ्याच्या टक्केवाल्याला काहीच द्यावं लागत नाही. विक्रीच्या टक्केवाल्याला तोट्यातही शंभर द्यावेच लागतात.

आपल्याकडे जुन्या गावगाड्यात बलुतं खळ्यावर दिलं जायचं. रास पडली की सुतार-लोहाराचा वाटा आधी निघायचा; शेतकऱ्याचं बियाणं, बैल, सावकाराचं व्याज यांचा हिशेब नंतर. (त्या पद्धतीत जातीचा जाच होता, तो भाग वेगळा.) विक्रीचा टक्का हे असं खळ्यावरचं बलुतं आहे. नफ्याचा टक्का म्हणजे सगळे जेवून उठल्यावर पातेल्यात काय उरलं ते बघणं.

आणखी दोन प्रकार दिसतात. एक, नगामागे ठरलेली रक्कम, पण वरती मर्यादा घालून: "प्रत्येक बाटलीमागे एक डॉलर, जास्तीत जास्त पंचवीस हजार." मर्यादा गाठली की त्यापुढच्या बाटलीवर लेबल तेच राहतं, पैसे जात नाहीत. दुसरा प्रकार "विक्रीतला काही भाग". तो किती हे सांगितलेलंच नसेल तर मी त्याला शून्य समजतो.

माश्या विकणारा माणूस

धंदा नसला की दुकानदार माश्या मारत बसतो म्हणतात. क्रेग मॅथ्यूज माश्या विकायचे. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराशी वेस्ट यलोस्टोन नावाचं छोटं गाव आहे. मॅथ्यूज तिथे आधी पोलीसप्रमुख होते, पुढे त्यांनी 'ब्लू रिबन फ्लाइज' हे दुकान चालवलं. या माश्या खोट्या. बारीक आकड्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेल्या. गळाला अशी माशी लावून पाण्यावर नाचवायची, म्हणजे ट्राउट मासा किडा समजून तोंड घालतो.

आता या दुकानाचा गल्ला कशावर चालतो बघा. नदीत थंड, स्वच्छ, वाहतं पाणी हवं, तर ट्राउट. ट्राउट असेल तर गळवाले येणार, आणि गळवाले आले तर माशी खपणार. नदी नासली तर दुकानाला कुलूप. म्हणून अशा दुकानदाराने नदीसाठी पैसे देणं म्हणजे धर्मादाय म्हणण्यापेक्षा कोळ्याने पावसाळ्यात होडी ओढून घेऊन तिची डागडुजी करण्यासारखं आहे. यात स्वार्थ आहेच, आणि मला तो बरा वाटतो. नुसत्या दयेवर चाललेलं काम दया आटली की थांबतं.

याच मॅथ्यूजनी आणि पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी मिळून २००२ मध्ये 'वन परसेंट फॉर द प्लॅनेट' ही संस्था काढली. सभासद कंपनीने दरवर्षी विक्रीचा एक टक्का पर्यावरणाच्या कामाला द्यायचा, नफा होवो न होवो. संस्था हे पैसे स्वतःकडे घेऊन वाटत नाही. कंपनी यादीतल्या एखाद्या पर्यावरण संस्थेला थेट देते आणि वर्षाच्या शेवटी विक्रीचे आकडे व देणगीच्या पावत्या समोर ठेवते. ते पडताळून झालं की पुढच्या वर्षी चिन्ह वापरायची मुभा. आजवर अशा रीतीने ५० कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली गेली आहे. पॅटागोनिया स्वतः १९८५पासून टक्का देत आली आहे. या दोन्हींच्या मधल्या काळातला एक वेगळा प्रयोगही आहे: १९८९ मध्ये आरईआय, पॅटागोनिया, द नॉर्थ फेस आणि केल्टी या चार कंपन्यांनी 'कॉन्झर्व्हेशन अलायन्स' काढली, तिथे सगळ्यांची वर्गणी एका पेटीत पडते आणि तिथून छोट्या गटांना जाते.

एक खाच मात्र लक्षात ठेवण्यासारखी. सभासदत्व सबंध कंपनीचं असू शकतं, एका ब्रँडचं असू शकतं किंवा मालाच्या एकाच प्रकाराचंही. म्हणजे दुकानातल्या पन्नास वस्तूंपैकी एका बाटलीवरच चिन्ह असेल तर टक्का तेवढ्या बाटलीपुरता. शिवाय देणगीतला काही वाटा रोख न देता वस्तू किंवा श्रमदानाच्या रूपातही धरला जातो.

एक टेबल आणि एक पत्रपेटी

पैसे जातात कुठे, याचं उत्तर द्यायला मला पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर व्हेंचुरा शहर आहे. त्याच नावाची नदी तिथे समुद्राला मिळते आणि मिळते तिथे लाटा झकास उठतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने नदीच्या मुखाशी बांधबंदिस्ती आणि बांधकाम करायचं ठरवलं. शुइनार्ड आणि त्यांचे लाटांवर फळी घेऊन तरंगणारे मित्र सभेला गेले, ते नदीसाठी नव्हे, आपली लाट बिघडेल म्हणून. तज्ज्ञांनी उठून सांगितलं, नदी मेलेलीच आहे, तेव्हा तिचं आणखी काय बिघडणार? वरच्या अंगाला दोन धरणांनी पाणी वळवलेलं होतं. पावसाळी पूर सोडले तर मुखाशी जे पाणी दिसायचं ते सांडपाणी केंद्रातून सुटलेलं. उन्हाळ्यात मुठेच्या पुलावरून गेलेल्या माणसाला याहून जास्त वर्णन करून सांगायला नको.

मग मार्क कॅपेली नावाचा जीवशास्त्राचा एक तरुण विद्यार्थी उठला आणि त्याने स्लाइड दाखवायला सुरुवात केली. काठावरच्या झाडांतले पक्षी. पाण्यातले साप. मस्करॅट, म्हणजे आपल्या घुशीएवढा पाण्यात राहणारा प्राणी. आणि शेवटी समुद्राकडे निघालेलं स्टीलहेड माशाचं पिल्लू. मेलेल्या नदीत एवढी वर्दळ? सभेत टाळ्या पडल्या आणि ती योजना बारगळली.

शुइनार्डच्या कंपनीने त्यानंतर कॅपेलीला काय दिलं? एक टेबल, टपाल यायला एक पत्रपेटी आणि अधूनमधून थोडे पैसे. पुढे जो 'एक टक्का' म्हणून गाजला त्याचं हे बीज.

या पद्धतीतलं मला सर्वांत पटणारं काही असेल तर ते हे टेबल. नदीसाठी झगडणाऱ्या गावातल्या पाच-सात माणसांना सुरुवातीला कोटी रुपये नको असतात, आणि दिले तर ते हिशेबात बुडून जातील. पाण्याचे नमुने तपासायला पैसे हवे असतात. वकिलाचं जाण्यायेण्याचं भाडं हवं असतं. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला ठेवलेल्या जनसुनावणीला जायला रजा टाकणारा एक माणूस हवा असतो, आणि त्या रजेचे पैसे कुणीतरी भरून द्यायला हवे असतात. मोठ्या देणगीदाराला असल्या खर्चात रस नसतो, कारण त्याच्यावर पाटी लावता येत नाही. पॅटागोनियाची बहुतेक अनुदानं काही हजार ते वीसेक हजार डॉलर या घरातली राहिली आहेत, ती याच कारणाने.

एवढ्याशा पैशात नदी वाचते का?

नाही. सरळ उत्तर नाही असंच आहे, आणि ते समजायला क्लॅमथ नदीसारखं उदाहरण नाही.

क्लॅमथ ओरेगॉन राज्यात उगम पावते आणि कॅलिफोर्नियातून पॅसिफिकला मिळते. सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला जन्मगावच्या नदीत परत येतो, मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात येतो तसा. मात्र त्याला पर्यायी रस्ता नसतो. क्लॅमथवर १९१२च्या सुमारापासून एकामागून एक वीजधरणं उभी राहिली आणि वरच्या शेकडो किलोमीटर पाण्याची वाट बंद झाली. काठावरच्या युरोक, कारुक आणि इतर आदिवासी जमातींचं जेवण, सण, गाणी सगळं या माशाभोवती. २००२च्या सप्टेंबरमध्ये नदीच्या खालच्या भागात उथळ, कोमट पाण्यात रोग पसरून हजारोंच्या संख्येने सामन मेले, तेव्हापासून धरणं हटवायच्या लढ्याला धार आली.

२०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत चार धरणं पाडली. काम संपून काही आठवडेही झाले नव्हते, तोवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सामन धरणांच्या जुन्या जागा ओलांडून ओरेगॉनमध्ये पोचलेला दिसला. शंभर वर्षं कुणी वाट दाखवली नव्हती तरी.

आता पैशाचं बघा. या कामासाठी ४५ कोटी डॉलरची तरतूद होती. त्यातले २० कोटी वीज कंपनीच्या ग्राहकांकडून बिलात थोडा थोडा अधिभार लावून गोळा केले, २५ कोटी कॅलिफोर्निया राज्याने कर्जरोख्यांतून दिले. याच्यासमोर पॅटागोनियाची १९८५पासूनची देणगी ठेवा. तिच्या स्वतःच्या हिशेबाने २०२२च्या सुमारापर्यंत ती सगळी मिळून १४ कोटी डॉलरहून थोडी जास्त, आणि तीही हजारो गटांत वाटलेली. साडेतीन दशकांचा सगळा टक्का एका जागी ओतला असता तरी क्लॅमथच्या खर्चाचा तिसरा हिस्सा जेमतेम निघाला असता.

मग हा टक्का करतो काय? ते ४५ कोटी हलायच्या आधीची वीस वर्षं. जमातींची माणसं वीज कंपनीच्या भागधारकांच्या सभांना जाऊन उभी राहत होती, परवान्याच्या सुनावण्यांना हजर राहत होती, पाण्याचे अहवाल काढत होती. धरणांच्या परवान्याची मुदत संपली होती. नवा परवाना हवा तर माशांसाठी जिने बांधा, असं सरकारी खात्यांनी कंपनीला सांगितलं, आणि जिने बांधून धरणं चालवण्यापेक्षा ती पाडून मोकळं होणं स्वस्त पडतं हे कंपनीच्या लक्षात आलं. हा हिशेब मांडून घ्यायला जो रेटा लागतो, तो छोट्या पैशावर तग धरून असतो. त्या रेट्यात पुढे जमाती होत्या; कपडे विकणारे फार तर मागच्या रांगेत.

अल्बानियाची व्योसा

मागच्या रांगेतून कंपनी पुढे आली तर काय होतं, तेही एका नदीवर बघायला मिळालं. व्योसा ग्रीसच्या पिंडस डोंगरांत उगम पावून अल्बानियातून वाहत एड्रियाटिक समुद्राला मिळते, लांबी २७० किलोमीटरच्या आसपास. अल्बानियातल्या तिच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, आणि युरोपात अशा नद्या आता बोटांवर मोजण्याइतक्या. तिच्यावर आणि उपनद्यांवर डझनावारी वीजप्रकल्प आखले होते. पोचेम इथल्या प्रकल्पाविरुद्ध गावकरी आणि स्थानिक संस्था कोर्टात गेल्या, २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे पॅटागोनियाने या नद्यांवर माहितीपट काढला, मग सरकारशी करार केला, आणि १५ मार्च २०२३ला व्योसा आणि तिच्या उपनद्या मिळून ४०० किलोमीटरहून जास्त प्रवाह राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला.

ऐकायला गोड आहे. पण एका देशाच्या सरकारशेजारी परदेशी कपड्यांची कंपनी सह्या करायला बसते, हे चित्र सगळ्यांनाच रुचेल असं नाही, मलाही ते जरा खटकतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे घोषणेनंतर भांडण मिटलं नाही. शुशित्सा या उपनदीचं पाणी किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावांकडे वळवायचं काम निघालं आणि नदीच्या मुखाजवळ संरक्षित भागात विमानतळ उभा राहू लागला. स्थानिक संस्था पुन्हा रस्त्यावर. फोटोत मंत्री आणि कंपनी असतात. फोटोनंतर गावातलीच माणसं उरतात.

पण जाकीटच नदी घाण करतं, त्याचं काय?

हा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि त्यातून सुटका नाही.

लोकरीसारखं मऊ लागणारं ते फ्लीस म्हणजे पॉलिस्टर, म्हणजे प्लास्टिकच. मशीनमध्ये फिरलं की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात आणि गटारातून नदीला जातात. पॅटागोनियानेच पैसे देऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेकडून याचा अभ्यास करून घेतला. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: एका धुण्यात एका जाकिटातून सरासरी १.७ ग्रॅम तंतू. जुन्या जाकिटातून नव्याच्या जवळपास दुप्पट. पाणी ओघळून जावं म्हणून कापडावर जो थर देतात, त्यात वर्षानुवर्षं पीएफएएस गटातली रसायनं वापरली गेली. ती निसर्गात विघटित होतच नाहीत म्हटलं तरी चालेल. नदीत, मातीत, माणसाच्या रक्तात सापडतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी २०२५च्या सुरुवातीपासून कपड्यांत त्यांच्यावर बंदी आणली (मुसळधार पावसात वापरायच्या खास कपड्यांना कॅलिफोर्नियात थोडी मुदत आहे). म्हणजे वर्षानुवर्षं उद्योग एका हाताने नदीला शंभर रुपये देत होता आणि दुसऱ्या हाताने तिच्यात विष सोडत होता. इथेही गोष्ट थांबवली ती कायद्याने.

पॅटागोनियाने २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली होती: 'हे जाकीट विकत घेऊ नका.' मुहूर्त निवडला ब्लॅक फ्रायडेचा, म्हणजे अमेरिकेतल्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवसाचा. खाली हिशेब होता की हे एक जाकीट करायला १३५ लिटर पाणी लागतं, ४५ माणसांचं एका दिवसाचं पिण्याचं. प्रामाणिकपणा म्हणा, हुशारी म्हणा. मला दोन्ही वाटतं. २०१६च्या ब्लॅक फ्रायडेला त्यांनी दिवसभराची सगळीच्या सगळी विक्री देऊन टाकायचं जाहीर केलं. अंदाज वीस लाख डॉलरचा होता, झाली एक कोटीची. पर्यावरणाला एक कोटी मिळाले हे खरं, आणि एका दिवसात एक कोटीचे कपडे शिवून खपले हेही तितकंच खरं.

तेव्हा नदीसाठी म्हणून कोणी जाकीट घेत असेल तर त्याने घेऊ नये. जुन्याची चेन गेली असेल तर शिंप्याकडे बदलून मिळते.

पैसे तर गिऱ्हाइकाचेच ना?

शेवटी सगळेच पैसे गिऱ्हाइकाचे असतात, पण यात एक फरक करायला हवा. कंपनी आपल्या विक्रीतून देते तेव्हा दाता कंपनी असते आणि करात जी काही वजावट मिळेल ती तिला. काउंटरवर "वरचे सात रुपये नदीसाठी देता का?" असं विचारतात तेव्हा दाता तुम्ही. कंपनी फक्त पोस्टमन. ते गोळा झालेले पैसे कंपनीने स्वतःच्या नावाने मिरवले तर त्यावर बोट ठेवावं. आपल्याकडे जुन्या करपद्धतीत देणगीवरची करसवलत घ्यायची असेल तर पैसे थेट संस्थेला द्या आणि आपल्या नावाची पावती घ्या.

विक्रीला दानाची जोड देण्याची ही युक्ती गाजली ती १९८३ मध्ये, अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीमुळे. कार्ड एकदा वापरलं की स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला एक सेंट, नवं कार्ड काढलं की एक डॉलर. पुतळ्याला १७ लाख डॉलर मिळाले आणि कार्डाचा वापरही चांगलाच वाढला. तेव्हापासून विक्रेत्यांना कळलं की दान हा उत्तम सेल्समन आहे.

शुइनार्ड कुटुंबाने सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरची कंपनीच देऊन टाकली: मताधिकाराचे दोन टक्के समभाग एका न्यासाला, उरलेले ९८ टक्के पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला, आणि धंद्यात परत न गुंतवलेला नफा दरवर्षी तिकडे. त्यावरही टीका झाली, की यात वारसा कर वाचला आणि कंपनीची सूत्रं घरच्याच प्रभावाखाली राहिली. टीका अगदीच पोकळ नाही. पण नफ्यावरचा हक्क सोडला तो सोडलाच.

मग सक्तीच का करत नाहीत?

केली आहे की! फक्त जाकिटावर नाही, गळावर. अमेरिकेत १९५०च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या काठ्या, रिळं, गळ यांवर कारखान्याच्या पातळीवर दहा टक्के कर आहे. तो केंद्राकडे जमा होतो आणि राज्यांना त्यांच्या क्षेत्रफळाच्या व परवानाधारक गळवाल्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटला जातो, मुख्यतः मत्स्यसंवर्धनासाठी. १९८४ पासून मोटरबोटींच्या इंधनावरच्या कराचा वाटाही त्यात पडतो. लेबल नाही, माहितीपट नाही, भाषण नाही. एक टक्क्याचं कौतुक जगभर होतं, आणि गळ विकत घेणारा म्हातारा मुकाट्याने दहा टक्के भरतो.

असाच कर तंबू, सॅक, दुर्बिणींवरही लावा, असा प्रस्ताव १९९०च्या दशकात पुढे आला होता. विरोध कोणी केला? याच उद्योगातल्या बऱ्याच जणांनी. स्वखुशीने देणं आणि कायद्याने द्यावं लागणं यातला फरक व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर

"आपल्या गावची नदी साफ झाली असती" हे काही खरं नाही. नदी साफ होते ती सांडपाणी केंद्रं बांधून आणि ती बांधलेली केंद्रं रोज चालवून, वीजबिल भरून. तो नगरपालिकेचा, म्हणजे सार्वजनिक पैशाचा मामला. जाकिटाच्या शंभर रुपयांत तिथला एक पंप फार वेळ चालणार नाही. पण दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शंभरात दहा अर्ज. केंद्र बांधलं ते किती तास चालतं, हे त्यातल्या एकाने जरी बाहेर आलं तरी पुष्कळ.

आपल्याकडे कंपन्यांवर सक्ती आहे ती वेगळ्या जातीची. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरलेल्या आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. नफ्याचे, विक्रीचे नव्हे, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेलच. दहा हजारांच्या जाकिटावर आठशे नफा धरला तर सोळा रुपये. पर्यावरण हा विषय यादीत आहे, पण शाळा आणि दवाखान्यांकडे ओढा जास्त, आणि ते समजण्यासारखं आहे. त्यातही नदीसाठी द्यायचं झालं तर घाट बांधणं, झाडं लावणं, प्लास्टिक वेचणं याला पैसे सुटतात. नदीपात्रातल्या भरावाविरुद्ध हरित लवादात जाणाऱ्या गटाला कुठली कंपनी पैसे देईल? उद्या तिलाच परवानगी मागायला त्याच कार्यालयात जायचं असतं.

आणि बाहेरच्या टक्क्याने इथल्या पाच-सात माणसांच्या गटाला टेबल द्यायचं म्हटलं तर मध्ये परदेशी देणगी कायदा उभा. त्याची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर डॉलर घेता येत नाही. पूर्वी नोंदणी असलेली मोठी संस्था पैसे घेऊन छोट्या गटांना पुढे देऊ शकायची. २०२०च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. त्यामुळे भाच्याच्या जाकिटाचा टक्का मुळा-मुठेपर्यंत पोचायची वाट बिकटच.

भाचा परत जायच्या आधी मी त्याला व्हेंचुराबद्दल विचारलं. कंपनीचं मुख्यालय अजून तिथेच आहे. त्याच नदीच्या एका फाट्यावर मॅटिलिहा नावाचं धरण आहे, १९४७ मध्ये बांधलेलं, गाळाने जवळपास भरलेलं. पाणी साठवायला त्याचा उपयोग उरलेला नाही आणि स्टीलहेडची वाट मात्र ते अडवून बसलंय. ते पाडायचं हे स्थानिक प्रशासनालाही मान्य आहे, त्याच्या योजना पंचवीसेक वर्षं चालू आहेत. कापण्याएवढा पैसा आणि गाळ नेऊन टाकायची जागा, दोन्हींवर गाडी अडलेली. २०११ मध्ये एका रात्री कुणीतरी त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत तुटक रेघ ओढली आणि शेजारी एक भलीमोठी कात्री रंगवली, कूपनावर असते तशी. भाच्याने फोनवर फोटो शोधून दाखवला. रंग जरा उडालाय, भिंत आहे तिथेच आहे.